परदेशी मदतीतून स्वच्छ वीज : देणगी किती, कर्ज किती?

गैरसमज : श्रीमंत देश विकसनशील देशांना स्वच्छ ऊर्जेसाठी पैसे देऊन टाकतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघाने दक्षिण आफ्रिकेसाठी साडेआठ अब्ज डॉलर जाहीर केले. तिथली ८० टक्क्यांहून अधिक वीज कोळशावर तयार होते. कोळशातून बाहेर पडण्यासाठी हा पैसा होता. वर्षभराने गुंतवणुकीचा आराखडा आला, तेव्हा त्यात परत न करावं लागणारं अनुदान जेमतेम चार टक्के निघालं. बाकी बहुतेक कर्ज आणि कर्जहमी. सवलतीच्या कर्जाचं व्याज कमी आणि मुदत लांब असते, हे खरं. पण हप्ते डॉलर-युरोत फेडायचे आणि वीजबिलं मात्र तिथल्या चलनात, रँडमध्ये वसूल होणार. रँड घसरला की तेच कर्ज फुगतं.

कर्ज घेणं मुळातच वाईट आहे, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेच्या कर्जातूनच उभा राहिला. वीज विकून पैसा येणार असेल, तिथे कर्ज चालतं. कोळसा बंद झाल्यावर कामगारांना दुसरं काम शिकवायचं, गावाला सावरायचं, तर त्यातून उत्पन्न येत नाही. तिथे अनुदानच हवं, आणि तेच सर्वांत कमी मिळतं.

गैरसमज : मग अशा मदतीचा काही उपयोगच नाही.

केनियाकडे पाहा. रिफ्ट खोऱ्यात, नैवाशा सरोवराजवळच्या ओलकारियात जमिनीखाली वाफ आहे. १९५० च्या दशकात तिथे दोन विहिरी खोदल्या गेल्या, पण हाती काही लागलं नाही. भूऔष्णिक विजेची खरी अडचण हीच आहे : विहीर खोल, खर्च प्रचंड आणि वापरण्याजोगी वाफ मिळेल की नाही हे खोदून झाल्यावरच कळणार. कोरड्या निघू शकणाऱ्या विहिरीवर कोणती बँक पैसे लावील? १९७० पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने केनिया सरकारच्या जोडीने शोधाचा भार उचलला. १९८१ मध्ये १५ मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. जागतिक बँक, जपान, जर्मनी यांची कर्जं पुढच्या टप्प्यांत येत गेली. वाफ सिद्ध झाल्यावर खासगी कंपनीही उतरली. आज देशाची ४० टक्क्यांहून जास्त वीज भूगर्भातून येते. मदतीचं मोल इथे रकमेत नव्हतं. दुसरं कोणी घेणार नाही असा धोका तिने पहिल्यांदा अंगावर घेतला. याच ओलकारियात पुढे विस्तारासाठी मसाई कुटुंबांना हलवलं गेलं आणि त्यांनी थेट जागतिक बँकेच्या तपास पॅनेलकडे दाद मागितली, हेही सांगायलाच हवं.

गैरसमज : गरिबांना सौरदिवे फुकटच द्यावे लागतात.

बांगलादेशात २००३ पासून जागतिक बँकेच्या मदतीने घरगुती सौरसंच दिले गेले, तेही हप्त्यांवर. अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत गेलं, तरी मागणी वाढली आणि ४० लाखांहून अधिक घरांत संच बसले.

गैरसमज : कोळशाचं केंद्र बंद केलं की काम फत्ते.

दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातलं कोमाटी वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण थांबलं. तिथे सौर आणि पवनऊर्जा उभारण्यासाठी आणि कामगारांच्या प्रशिक्षणासाठी जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातलं अनुदान फक्त एक कोटी. पण मंजुरी आली ती केंद्र थांबल्यानंतर. एस्कॉम या तिथल्या सरकारी वीजकंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांना दुसरीकडे सामावून घेतलं गेलं. कंत्राटी मजूर, खानावळी आणि दुकानदार यांना ती सोय नव्हती. आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने ग्लासगोत दक्षिण आफ्रिकेशी ठरलेल्या भागीदारीबरोबरच इंडोनेशिया आणि व्हिएतनामशी केलेल्या अशाच भागीदारीतूनही अंग काढून घेतलं. कोळसा सोडण्याचं वेळापत्रक वर्षानुवर्षांचं असतं. पैसे देणाऱ्याचं सरकार एका निवडणुकीत बदलतं.