ताटाचा आणि आठवणींचा संबंध काय?

आजी माझं नाव विसरायला लागली, तेव्हापासून मी विचार करतोय: खाण्याचा आणि मेंदूच्या म्हातारपणाचा संबंध असेल का?

ग्रीसमध्ये संशोधकांनी सरासरी ७३ वर्षं वयाच्या १,०५९ जणांना त्यांचं खाणं विचारलं, मग साधारण तीन वर्षं लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. ६२ जणांना डिमेन्शिया झाला होता. ज्यांचं खाणं शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, सगळ्यात जास्त वाढवणारं होतं, त्यांच्यात धोका तिप्पट दिसला. ते आठवड्याला साधारण ९ वेळा फळं खायचे. सगळ्यात कमी दाहवाले २० वेळा.

पण यातून कारण सिद्ध होत नाही. आजार सुरू झाल्यावरही खाणं बिघडतं ना! म्हणून आजीला दोष नाही. माझ्या डब्यात मात्र आता उसळ असते, सोबत एक पेरू.