पाकाची पळी आणि अधांतरी चाक

मंडळी, धरमपेठेतल्या या व्याख्यानात आम्ही रक्ताच्या पंपावर बोलणार म्हटल्यावर काही जणांना नवल वाटलं. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचं पंपाशी काय काम? पण प्रश्न आमचा जुनाच आहे : जे डोळ्यांना दिसत नाही, ते आपल्याला कळतं कसं?

संक्रांतीला तिळगुळाचा पाक होताना बघा. आजी पळी फिरवत असते. पळी जड लागायला लागली की पाक आला, हे तिच्या हाताला कळतं. म्हणजे जो हात ढवळतो, तोच मोजतोही. एवढं ध्यानात ठेवू या.

हृदयाचा डावा कप्पा फारच अशक्त झाला, तर त्याच्या मदतीला छोटा पंप बसवतात. त्यात एक चाक फिरतं आणि रक्त महाधमनीकडे ढकलतं. आता चाक म्हटलं की आस आली, आस म्हटली की घर्षण आलं. तिथे तांबड्या पेशी फुटतात, गुठळ्या धरतात. मग चाक चुंबकाच्या जोरावर अधांतरीच ठेवलं तर? अडचण अशी, की नुसत्या कायम चुंबकांनी वस्तू हवेत स्थिर राहत नाही. सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच हे गणिताने दाखवलं. म्हणून चाक कुठे सरकतंय हे सतत बघावं लागतं आणि विद्युतचुंबकाचा प्रवाह कमी-जास्त करून त्याला जागेवर आणावं लागतं. ‘हार्टमेट ३’ हा असा पंप. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. १०२८ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत पंपात गुठळी झाल्याचा संशय १.४ टक्के रुग्णांत आला. जुन्या पद्धतीच्या पंपात हे प्रमाण १३.९ टक्के होतं.

आता मुद्द्याकडे येऊ. या पंपाच्या पडद्यावर मिनिटाला किती लिटर रक्त वाहतंय, तो आकडा दिसतो. तो मोजलेला नसतो, बरं का! मोटरला किती वीज लागते आणि चाक किती वेगाने फिरतं, यावरून केलेलं ते अनुमान आहे. आपले नैयायिक सांगतात, धुरावरून आगीचं अनुमान बरोबर. पण आगीवरून धुराचं केलं तर फसाल. तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपणही लागतं. या लपलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. विजेवरून प्रवाह ओळखण्यातली उपाधी म्हणजे रक्ताचा दाटपणा, शास्त्रीय भाषेत श्यानता. दाट रक्तात चाक फिरवायला जोर वेगळा लागतो. म्हणून रक्ततपासणीतून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, हा आकडा घेऊन तो पंपाला सांगावा लागतो. तो शिळा झाला, की पडद्यावरचा आकडाही डळमळतो.

शिवाय पेशींचा वाटा म्हणजेच दाटपणा नव्हे. हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच आला होता. सिकलसेलच्या पेशी प्राणवायू कमी पडला की ताठरतात. पेशींचा वाटा तेवढाच, पण रक्ताचं वाहणं बदलतं.

जपानमधल्या तंत्रज्ञांनी इथे आजीची पळी आणली. त्यांचा शोधनिबंध २०१५ चा. चुंबकाचा प्रवाह किंचित हलवून त्यांनी अधांतरी चाकाला बारीक डोलवलं. प्रवाह बदलतो तेव्हा चाक थोडं मागून हलतं. द्रवाची श्यानता बदलली, की हे मागे राहणंही बदलतं. त्यावरून त्यांनी १.१८ ते ५.१२ मिलिपास्कल-सेकंद श्यानतेचे द्रव मोजले. सरासरी चूक ०.१२ आली. नवं उपकरण काहीच जोडलं नाही. चाकाला सावरणारे चुंबक आणि त्यावर नजर ठेवणारे संवेदक होतेच. जो हात सावरतो, तोच मोजतो.

पण हेही अनुमानच, आणि त्यालाही उपाधी आहेत. चाकावर गुठळी चिकटली, तर त्याचंही डोलणं बदलेल. रक्ताचं वागणं पाण्यासारखं नसतं. ते जोरात वाहताना पातळ, संथ वाहताना दाट असतं. पंपातल्या वेगाला मिळालेला आकडा बारीक शिरांना जसाच्या तसा लागू पडत नाही. आणि दाटपणा वाढला एवढंच यंत्र सांगेल. का वाढला, ते नाही. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात अंगातलं पाणी आटलं असेल, नाहीतर दुसरंच काही असेल. ते माणसाला विचारूनच कळतं.

पंप बसवलेला रुग्ण रोज दोन भीतींमध्ये जगतो. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध घ्यायचं, आणि त्याच औषधाने रक्तस्राव वाढायची धास्ती. अशा माणसाला दाटपणाचा ताजा आकडा घरबसल्या मिळाला, तर मोठंच काम होईल. तोवर घरच्यांनी पडद्यावरचा आकडा बघताना डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : हा आकडा मोजलेला आहे, की अनुमानाचा? आणि अनुमानाचा असेल, तर त्यासाठी धरलेला रक्ताचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे?