विश्लेषण : ३७ हजार फुटांवर ऑटोपायलट सुटला तर?

दुबईहून पुण्याला निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७-८०० विमान २६ मे २०१० रोजी ३७ हजार फुटांवर होते. कॅप्टन स्वच्छतागृहात गेले. २५ वर्षांचा सहवैमानिक आसन पुढे सरकवत असताना त्याचा धक्का सुकाणूच्या दांड्याला लागला आणि विमानाने नाक खाली घातले. कॅप्टन दार वाजवत होते. गोंधळलेल्या सहवैमानिकाला ते उघडता येईना. अखेर आपत्कालीन कोड टाकून ते आत शिरले आणि विमान सावरले. तोवर सुमारे सात हजार फूट उंची गेली होती. प्रवाशांना सांगण्यात आले, ‘एअर पॉकेट’ लागले. मंगळूरची दुर्घटना चारच दिवसांपूर्वीची. खरे कारण डीजीसीएच्या चौकशीतून पुढे आले.

ऑटोपायलट चालू असूनही असे कसे?

यंत्र बिघडलेले नव्हते. ७३७ मध्ये दांड्यावर पुरेसा जोर पडला की ऑटोपायलट उंची धरून ठेवणे सोडतो आणि हाताचे ऐकतो. वैमानिकाला यंत्रावर मात करता यावी म्हणूनच ही सोय आहे.

नांदेड-लातूरवरून उंचावर जाणारे विमानही बहुतेक वेळ ऑटोपायलटवरच असते. २९ ते ४१ हजार फुटांदरम्यान विमानांमध्ये वर-खाली फक्त एक हजार फुटांचे अंतर ठेवले जाते. तासन्‌तास इतकी अचूक उंची हाताने राखणे जिकिरीचे. ऑटोपायलट बंद पडल्यास वैमानिक नियंत्रण कक्षाला कळवतात आणि विमानाला बहुधा खालची उंची दिली जाते. इथवर धोका फारसा नसतो.

मग जिवावर कधी बेतते?

वेग, उंची, कोन यांची माहिती सेन्सर देतात. ती एकमेकांशी जुळेनाशी झाली की ऑटोपायलट स्वतःच सुटतो. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानात हेच झाले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला. बिघाड मिनिटभरही टिकला नाही. पण वैमानिकाने नाक वर खेचत ठेवले, पंखांची उचल संपली आणि विमान अटलांटिकमध्ये कोसळले. २२८ जणांचा मृत्यू झाला.

क्वांटासच्या ७२ क्रमांकाच्या विमानाची गोष्ट उलटी. ७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थला जाणाऱ्या या एअरबस ए-३३० मध्ये माहिती पुरवणाऱ्या तीनपैकी एका संगणकाने चुकीचे आकडे पाठवले. ऑटोपायलट सुटलेला होता, तरीही मुख्य नियंत्रण संगणकाने त्या आकड्यांवर विसंबून दोनदा नाक खाली दाबले. वैमानिक दांडा मागे खेचत असताना काही क्षण विमान त्यांचे ऐकत नव्हते. शंभराहून अधिक जण जखमी झाले. त्यांतले बरेच जण आसनाचा पट्टा न बांधलेले होते. ते थेट छतावर आदळले.