पदभ्रमण आणि शरीराची ऊब

हिवाळ्यांत डोंगर चालणारे लोक बर्फाला भितात. परंतु त्यांचा घात पुष्कळदां साध्या पावसानें व वाऱ्यानें होतो. इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत १९६४ सालच्या १४ व १५ मार्चला तरुण रोव्हर स्काउटांची ‘फोर इन्स’ ही सुमारें ४५ मैलांची पदयात्रा झाली. डोंगर जेमतेम दोन हजार फूट उंचीचे. निघाले २४०, शेवटपर्यंत पोहोंचले अवघे २२. आणि तिघे जिवंत परतले नाहींत. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेंतील शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनीं या मृत्यूंचा अभ्यास केला. भिजलेले कपडे, वारा व थकवा हें त्रिकूटच येथें घातक ठरलें.

याचें कारण सोपें आहे. कपडे ऊब निर्माण करीत नाहींत. त्यांच्या धाग्यांत कोंडलेली कोरडी हवा शरीराची ऊब राखते. त्या हवेची जागा पाण्यानें घेतली, कीं उष्णता भराभर निसटते. कारण पाणी हवेपेक्षां सुमारें पंचवीसपट अधिक उष्णतावाहक आहे. चालणाऱ्याचे स्नायू ही तूट भरून काढीत असतात. तो थकून मंदावला, कीं जमा घटते आणि खर्च मात्र चालूच राहतो.

शरीराचें आंतील उष्णतामान सुमारें ३७ अंश सेंटिग्रेड असतें. तें ३५ च्या खालीं गेलें, कीं धोका सुरू होतो. प्रथम हुडहुडी भरते. मग बोटांना गुंडी लावतां येत नाहीं, पाय अडखळतात, बोलणें जड होतें, स्वभाव चिडखोर बनतो. पुढें सुमारें ३२ अंशांजवळ हुडहुडी थांबते. तो आराम नव्हे. शरीरानें झुंज सोडल्याची ती खूण होय. याच सुमारास बुद्धीहि मंदावते, म्हणून ‘कांहीं झालें नाहीं’ असें रोगी स्वतःच सांगतो. त्याच्या शब्दावर विसंबूं नये. सोबत्यानेंच डोळे उघडे ठेवावे.

अशा वेळीं चालणें थांबवून वाऱ्याच्या आडोशाला जावें. ओले कपडे काढून कोरडे घालावे, डोकें झांकावें, अंगाखालीं जाड अंथरूण द्यावें. शुद्धीवर असून गिळतां येत असेल, तर गरम गोड पेय पाजावें. ब्रँडी मुळींच देऊं नये. तिनें कातडीखालील रक्तवाहिन्या फुलतात आणि आंतली ऊब बाहेर पडते. हातपाय चोळूं नयेत, रोग्याला चालवूं नये. त्याला हळुवारपणें हाताळून मदत बोलवावी.

महाराष्ट्रांतील कितीतरी मुलें आज हिंवाळी सुटींत हिमालयाच्या वाटा चालतात. त्यांच्या पिशवींत कोरड्या कपड्यांचा एक जोड मेणकापडांत गुंडाळून द्यावा. सुती कपड्यांपेक्षां लोकरीचे बरे. घाम फुटण्यापूर्वीं एखादा थर उतरवावा, वाटेंत गूळ-शेंगदाणे खात राहावें, आणि सर्वांनीं सर्वांत मंद गड्याच्या चालीनें चालावें. शिखर पुढल्या वर्षींहि तेथेंच असतें. म्हणून वेळीं मागें फिरणाऱ्याला घरच्यांनीं भित्रा म्हणूं नये.