सपाट कड्यांची चवड

सकाळी पावणेसात

प्रयोगशाळेत शिरले की आधी हूडमधला दिवा लावते आणि 'कोल्ड फिंगर'कडे बघते. काचेच्या भांड्यात वरून सोडलेली, आतून गार पाणी फिरणारी ही बोटभर जाडीची नळी. काल संध्याकाळी भांड्याच्या तळाशी काळपट तपकिरी पॅरा-फिनिलीनडायअमीन ठेवलं होतं, व्हॅक्यूम पंप लावला होता आणि खालून मंद उष्णता दिली होती. रात्रीतून ते न वितळताच वाफ होऊन वर गेलं आणि नळीवर पांढऱ्या चकचकीत पापुद्र्यांनी बसलं. डबीच्या झाकणाला कापूर चिकटतो, अगदी तसं. मळ सगळा तळाशी राहिला.

हे पापुद्रे स्पॅट्युलाने अलगद खरवडून लगेच बंद बाटलीत भरायचे. हवा लागली की ते काळवंडतात. केस काळे करायच्या कित्येक रंगांत हेच रसायन असतं, 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या लेपांतही अनेकदा घातलेलं असतं, आणि काहींच्या कातडीवर त्याने चांगलेच फोड येतात. म्हणून हातात ग्लोव्हजचे दोन जोड. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जुन्या बाटलीतली काळी पावडर शुद्ध न करताच वापरली होती. चार महिने नळीतून नुसता आकारहीन भुगा निघत होता. ती चूक माझी होती. तेव्हापासून हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

आठ वाजता कँटीनमध्ये पोहे.

सव्वानऊ

वजनकाट्याच्या काचेची दारं लावून घेतली, पंखा बंद केला. एका कागदावर ६३ मिलिग्रॅम ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल, ज्याला आम्ही नुसतं 'टीपी' म्हणतो. दुसऱ्या कागदावर सकाळचं डायअमीन, ४८ मिलिग्रॅम. दोन्ही मिळून चिमूटभरही नाहीत.

टीपीच्या मधोमध एक षट्कोनी कडं आणि त्याला तीन हात. डायअमीनचंही कडं षट्कोनीच, पण हात दोन. तीन हातांच्या दोघांना दोन हातांचे तिघे लागतात. असे हात धरत गेले की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सपाट जाळी विणली जाते. जाळीचं एकेक भोक साधारण १.८ नॅनोमीटरचं. अशा जाळ्या एकीवर एक बसल्या की भोकांखाली भोकं येतात आणि आरपार नळ्या तयार होतात. या पदार्थांचं नाव कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क. सगळे 'सीओएफ'ला एकत्र करून 'कॉफ' म्हणतात.

हे सगळं जमतं ते कड्याच्या सपाटपणामुळे. अशा कड्यांना ॲरोमॅटिक म्हणतात. अकरावीत मी वहीत लिहिलं होतं, ॲरोमॅटिक म्हणजे सुगंधी. नाव पडलं एकोणिसाव्या शतकात, तेव्हा हाती आलेल्या अशा बऱ्याच संयुगांना वास होता म्हणून. आज त्या नावावर विसंबून घरातला मिसळणाचा डबा उघडला तर फसगत होते. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड ही ॲरोमॅटिक. पण वेलदोड्यातलं सिनिओल नाही आणि देवघरातला कापूरही नाही, दोघांचा दरवळ कितीही असो. उलट हळदीतल्या करक्युमिनमध्ये अशी दोन कडी आहेत. कपाटातल्या डांबरगोळ्या नॅप्थॅलीनच्या असतील तर त्यात दोन कडी एका बाजूने जुळलेली. त्या गोळीचं मराठी नाव मला फार आवडतं, कारण दगडी कोळशाच्या डांबरातून ती आली हे कूळ त्या नावात टिकून आहे.

मुद्दा वासाचा नाही. कड्यातले काही इलेक्ट्रॉन कुठल्याही एका जोडीचे राहत नाहीत, ते सगळ्या कड्याचे होतात. त्यामुळे कडं भक्कम आणि सपाट राहतं, आणि सपाट वस्तूंची चवड लागते. भाकऱ्यांची लागते, लाडवांची लागत नाही.

साडेदहा

पायरेक्सच्या नळीत दोन्ही पावडरी, त्यावर मेसिटिलीन आणि डायॉक्झेन मिळून तीन मिलिलिटर. मेसिटिलीनही ॲरोमॅटिकच, कड्याला तीन मिथिल लावलेलं. शेवटी अर्धा मिलिलिटर ॲसेटिक आम्ल. अल्ट्रासोनिक बाथमध्ये नळी धरली तोच रंग नारिंगी होऊ लागला.

ही घाई मला नको असते. नळीतली हवा काढायला ती एलएनटूत, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये, बुडवली. उणे १९६ अंशांना आतला नारिंगी काला क्षणात दगड झाला. पंपाने हवा ओढली, वॉल्व्ह बंद केला, नळी साध्या पाण्यात धरून वितळवली. वितळताना अडकलेले बुडबुडे सुटतात. असं तीनदा. तिसऱ्या खेपेला बुडबुडे जवळजवळ नसतातच, आणि तेच बघायचं असतं.

साडेअकरा

ग्लासब्लोइंगचे काका नळीचं तोंड ज्योतीत बंद करून देतात. नळीचा खालचा भाग एलएनटूत, आत व्हॅक्यूम, वर पिवळीनिळी ज्योत. काका एका हाताने नळी फिरवत राहतात, काच मऊ होते, मान बारीक होत जाते आणि दोऱ्यासारखी ओढून सुटते.

"ताई, मागच्या वेळी मान ओली होती बघा. काच तडकते त्यानं."

"हो काका, आज पुसून आणलीय."

त्यांनी टोक परत ज्योतीत धरून गोल केलं, चष्मा वर करून उजेडात पाहिलं आणि मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांनी माझं एकही सील घाईत केलेलं नाही. शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानताना काचकाम करणाऱ्यांची नावं फार कमी वेळा येतात. ती यायला हवीत.

बाराला नळी १२० अंशांच्या ओव्हनमध्ये. आता तीन दिवस हात लावायचा नाही.

तीन दिवस कशाला, असं बरेच जण विचारतात. नुसता बंध जुळायला इतका वेळ लागत नाही. पण घाईत जुळलेले बंध वेडेवाकडे असतात. गरम, आम्लयुक्त द्रवात ते उलगडू शकतात, परत जुळू शकतात. चुकीच्या जागी बसलेला रेणू सुटतो आणि योग्य जागी येतो. ही दुरुस्ती झाली तरच स्फटिक मिळतो. अडचण अशी की जो बंध उलगडू शकतो तो पुढे पाण्यातही उलगडतो. ओमर याघी यांच्या गटाने २००५ मध्ये पहिले कॉफ जगापुढे आणले, ते बोरॉनच्या बंधांचे होते आणि पाण्यापुढे त्यांचा टिकाव लागत नव्हता.

त्यावरची एक फार सुंदर तोड आमच्याच पुण्यातल्या पाषाण रस्त्यावर निघाली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये हेच टीपी आणि हेच डायअमीन जोडलं. आधी नेहमीचा, उलगडणारा बंध जुळतो, चुका दुरुस्त होतात. मग टीपीमधला हायड्रोजन जागा बदलून नायट्रोजनवर जातो आणि बंधाला कुलूप लागतं. आता माघार नाही. तो पदार्थ उकळत्या पाण्यात टिकला, ९ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकला. हे कुलूप लावताना टीपीच्या मधल्या कड्याला आपलं ॲरोमॅटिकपण सोडावं लागतं. डायअमीनचं कडं ते राखतं, टीपीचं सोडतं, तरी जाळी सपाटच राहते आणि चवड मोडत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रसायनशास्त्रातला व्यवहार मला नव्याने कळला.

दुपारी पाऊण ते दोन

डबा. मग गेल्या आठवड्यातली नळी फोडायची. टॉवेलमध्ये गुंडाळून, ओरखडा काढून, चेहऱ्यावर शील्ड लावून. आतून गडद लाल लगदा निघाला. ॲसिटोनने धुतला. पहिल्यांदा खाली पिवळसर पाणी उतरतं, ते स्वच्छ होईपर्यंत धूत राहायचं.

सव्वादोन

एक्स-रे यंत्रावर माझी वेळ सव्वादोन ते तीन. आदल्या नळीची सुकवलेली पावडर काचपट्टीवर सपाट दाबून बसवली. आलेख २ अंशांपासून चढतो आणि डोळे ४.७ वर खिळतात. तिथे शिखर उभं राहिलं तर जाळी विणली गेली, हा भोकांचा माग. मग बरंच अंतर रिकामं, आणि २७ अंशांच्या आसपास एक बुटका, रुंद उंचवटा. तो चवडीचा. हिशेब केला की दोन थरांतलं अंतर ०.३४ नॅनोमीटरच्या जवळ येतं. ग्राफाइटच्या थरांतही जवळपास तेवढंच असतं, ०.३३५. पेन्सिलीच्या शिशात आणि माझ्या लाल पावडरीत कड्यावर कडं बसायची रीत एकच.

आज ४.७ चं शिखर अणकुचीदार आलं. २७ चा उंचवटा मात्र पसरट. म्हणजे जाळ्या नीट, पण चवडीत थोड्या सरकलेल्या. माझा प्रबंध याच सरकण्यावर आहे.

या खोलीत आले की मला कॅथलीन लॉन्सडेल आठवतात. कड्याचं रेखाटन केकुले यांनी १८६५ मध्येच मांडलं होतं, पण ते खरोखर सपाट आहे का, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये लीड्समध्ये हेक्झामिथिलबेन्झीनच्या स्फटिकावर एक्स-रे टाकून ते दाखवलं. तेव्हा हिशेब हाताने करावे लागत. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने स्त्रियांना पहिल्यांदा सभासद करून घेतलं, तेव्हाच्या दोघींपैकी त्या एक. माझा आलेख यंत्र पाऊण तासात काढून देतं. त्या पाऊण तासाचा पाया त्यांनी घातला आहे.

साडेतीन

गटाची बैठक. एका ज्युनिअरने २०२५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलबद्दल बोलायचं ठरवलं होतं. कितागावा, रॉबसन आणि याघी यांना ते मिळालं धातू आणि कार्बनी रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांसाठी, म्हणजे एमओएफसाठी. तिने छान सुरुवात केली. टेबलावर पाण्याची रिकामी बाटली ठेवली आणि म्हणाली, या प्लास्टिकमध्ये जे टेरेफ्थॅलिक आम्ल असतं तेच याघींच्या एमओएफ-५ मध्ये जस्ताचे खांब जोडणारी तुळई आहे. तेही एक कडं, दोन हातांचं.

पाच

कोपऱ्यातल्या टेबलावर खल. टीपी, डायअमीन आणि द्रवाचे एकदोन थेंब घालून घोटायचं. ओव्हन नाही, ज्योत नाही. २०१३ मध्ये एनसीएलच्याच गटाने हे दाखवलं. पिवळसर पावडर आधी नारिंगी होते आणि पाऊण तासाच्या घोटण्याने लाल. मनगट भरून येतं. चवड ओव्हनमधल्या इतकी नेटकी लागत नाही, कारण दुरुस्तीला वेळच मिळत नाही. तरीही जवळजवळ द्रावकाशिवाय एवढं साधतं म्हणून मला या खलाबद्दल आदर आहे. ओव्हनच्या नळीत १११ मिलिग्रॅम पावडरीमागे कित्येक पट द्रावक जातं, आणि उद्या किलोने माल करायचा तर ते परवडणारं नाही.

पावणेसात

पृष्ठफळ मोजायच्या यंत्राला पावडर लावली. दिवसभर व्हॅक्यूममध्ये तापवून तिच्यातलं उरलंसुरलं द्रावक घालवलं होतं. आता एलएनटूचा ड्युअर, म्हणजे थर्मासासारखं भांडं, वर चढवायचा, आणि उणे १९६ अंशांना पावडर किती नायट्रोजन धरते ते यंत्र रात्रभर मोजेल. २०१२ च्या निबंधात या पदार्थाचं पृष्ठफळ ग्रॅममागे ५३५ चौरस मीटर आहे. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. म्हणजे एक ग्रॅम पावडरीत अशी चार मैदानं घडी घालून ठेवलेली आहेत.

या घडीत मला रंग अडवायचा आहे. मी इचलकरंजीची. माझ्या आजीने पाणी भरलेली पंचगंगा आणि मी पाहिलेली पंचगंगा वेगळी आहे. कापडाच्या रंगांपैकी कितीतरी रंग ॲझो प्रकारचे, त्यांच्यातही हीच सपाट कडी असतात. सपाटाला सपाट धरतं. निळ्या मिथिलीन ब्लूच्या चंचुपात्रात लाल पावडर ढवळली की पाणी उजळताना मी पाहिलं आहे. पण चंचुपात्र म्हणजे नदी नव्हे. नदीच्या पाण्यात क्षार असतात, साबण असतो, गाळ असतो, आणि तीच पावडर धुऊन पुन्हा पुन्हा वापरता आली पाहिजे. तिथवर मी अजून पोचलेली नाही.

साडेनऊ

खोलीवर आल्यावर भाचीचा फोन. ती अकरावीत आहे. "मावशी, ॲरोमॅटिक म्हणजे सुगंधी असं लिहू का?"

मी तिला मिसळणाचा डबा आणायला सांगितलं. ओवा, लवंग, दालचिनी एकीकडे, वेलदोडा आणि कापूर दुसरीकडे. मग कार्डशीटचे षट्कोन कापून एकावर एक रचायला लावले. दहा मिनिटांत तिने स्वतःच विचारलं, "थर सरकले तर?"

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. फळ्यावर षट्कोन काढल्यावर ही दहा मिनिटं द्या. तो सपाट आहे हे मुलांच्या हाताला कळू द्या. ओवा आणि वेलदोडा वर्गात जरूर न्या, बेन्झीनची बाटली मात्र उघडू नका. त्याने कर्करोग होतो.