हाताला काम, दिवसाला आकार

सकाळी उठून दूध तापवणे, अंगण झाडणे, कामावर जाणे, नातवाला शाळेत पोचवणे, संध्याकाळी पारावर चार ओळखीच्यांत बसणे: माणसाचा दिवस अशाच गोष्टींनी भरलेला असतो. डॉक्टर रक्तदाब तपासतात, साखर तपासतात. दिवस कसा जातो, हे क्वचितच विचारतात. या साध्या कामांवर प्रकृती किती अवलंबून असते, ते कामे एकाएकी थांबली की कळते.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव आहे. १९३०च्या सुमारास तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या अभ्यासकांनी गावाची बारकाईने पाहणी करून १९३३मध्ये ती प्रसिद्ध केली. वेळ भरपूर मिळाल्यावर लोक वाचतील, फिरतील, गावकीत भाग घेतील असे कुणालाही वाटेल. झाले उलटे. वर्गणी माफ करूनही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले. पुरुष रस्त्याने रेंगाळत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत चालू लागले. दिवसभरात काय केले, हेही अनेकांना धड सांगता येईना. बायकांची चाल मात्र त्या मानाने झपझप होती, कारण त्यांच्यामागचे घरकाम सुटलेले नव्हते. पुढे याहोडा यांनी यातून एक सिद्धान्त मांडला: नोकरी पगाराखेरीज दिवसाला बांधणी देते, घराबाहेरची माणसे देते, समाजातले स्थान देते आणि आपण कशाचा तरी भाग आहोत ही जाणीव देते.

कामाच्या याच ताकदीचा उपचारासाठी वापर करणारी शाखा म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. मनोरुग्णांना साखळदंडाऐवजी बागकाम आणि हस्तकला द्यावी, हा विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रुजला. १९१७मध्ये अमेरिकेत या शाखेची पहिली संघटना उभी राहिली, आणि पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे तिची गरज सर्वांना पटली. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा ताल बिघडला की माणूस बिघडतो, अशी मांडणी मानसोपचारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनी १९२२मध्ये केली. मुंबईत ही शाखा आणली ती मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी. त्यांच्या पुढाकाराने १९५०मध्ये केईएम रुग्णालयात आशियातले या विषयाचे पहिले विद्यालय सुरू झाले. पक्षाघातानंतर एका हाताने कणीक कशी मळावी, गुंड्या कशा लावाव्यात, न्हाणीघरात आधाराची दांडी कुठे बसवावी, अशी अगदी घरातली कामे हाच या उपचाराचा विषय असतो.

शरीराच्या बाजूने पाहिले तर कारणे उघड आहेत. न वापरलेले स्नायू झपाट्याने झिजतात. निरोगी वृद्धांना प्रयोगासाठी दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस घटले होते. ठरल्या वेळी उठून उजेडात जाण्याने शरीराचे घड्याळ लागते आणि रात्रीची झोप सुधारते. मनाची बाजू थोडी अवघड आहे. जो मुळात निरोगी तोच जास्त कामे करतो, असाही संशय घेता येतो. म्हणून लॉस एंजेलिसमधल्या एका प्रयोगाला महत्त्व आहे. साठीपुढच्या ३६१ जणांचे चिठ्ठ्या टाकावे तसे तीन गट केले. पहिल्या गटाला व्यवसायोपचारतज्ज्ञांनी नऊ महिने स्वतःच्या दिवसाचा विचार करायला शिकवले: आपल्याला काय करावेसे वाटते, त्यात अडचण कसली, बसने तिथवर कसे पोचायचे. दुसऱ्याला खेळ, चित्रपट, हस्तकला असे कार्यक्रम दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. १९९७मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या गटाची प्रकृती आणि समाधान इतरांपेक्षा चांगले राहिले. कार्यक्रमांत रमलेला दुसरा गट मात्र तिसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. वेळ नुसता भरून काढणे पुरत नाही. काम स्वतःचे वाटावे लागते.

बालपणात हे स्वतःचे काम म्हणजे खेळ. माती कालवणे, झाडावर चढणे, नियमांवरून भांडणे आणि पुन्हा एकत्र येणे यांतूनच हात, तोल आणि समज तयार होते. मधल्या वयात अडचण बहुधा उलटी असते. नोकरी, स्वयंपाक आणि आजारी माणसाची शुश्रूषा एकाच बाईच्या वाट्याला आली, तर प्रत्येक काम अर्थपूर्ण असूनही ती खचते. अर्थपूर्ण कामालाही विसावा लागतोच. म्हातारपणी पुन्हा वेगळा धोका उभा राहतो, आणि तो प्रेमापोटी येतो. ‘आता तुम्ही काही करू नका’ म्हणत घरातली मंडळी आजीच्या हातून भाजी निवडणे काढून घेतात, आजोबांचे बँकेत जाणे बंद करतात. पडण्याची भीती खरी असली तरी कामाऐवजी कामाची पद्धत बदलता येते: बसून भाजी चिरता येते, सोबत घेऊन बँकेत जाता येते.

नैराश्यात तर उभारी आली की काम करू, या वाट पाहण्यातच दिवस जातात आणि उभारी येत नाही. म्हणून उपचारात क्रम उलटा धरतात: आधी छोटे, ठरवलेले काम, मन त्यामागून सावरते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हा उपचार ४९५ रुग्णांवर तपासला. समुपदेशक डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. केंद्रातले नेहमीचे उपचार तेवढेच मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभरानंतरच्या तपासणीतही हा फायदा टिकून होता.