घोडा का अडला?

प्रत्येक रायडिंग स्कूलमध्ये एखादा बदनाम घोडा असतोच. डावीकडे मुकाट वळतो, उजवीकडे म्हटलं की तोंड वासून लगाम ओढतो. तंग आवळताना कान पाडतो, दुडक्या चालीत शेपटी फटकारत राहतो. शिकाऊ मंडळी त्याला खोडकर म्हणतात, मुरलेले स्वार कामचुकार म्हणतात, आणि मग कुणीतरी जास्त कडक लगाम सुचवतो. साईसाला मात्र वेगळंच काही दिसलेलं असतं. जमिनीवरचा चारा खाताना हा घोडा एक पाय बराच पुढे टाकून उभा राहतो. गाजर दाखवत हात उजव्या बरगडीशी नेला तर डाव्या बाजूसारखी मान वळवत नाही; मागचे पाय सरकवून सगळं धूडच फिरवतो, आणि तरीही तोंड गाजरापर्यंत पोचलं नाही तर नाद सोडून देतो. माशी हाकलायला दिवसातून शंभरदा पोटापर्यंत तोंड नेणाऱ्या जनावराला हे जमत नसेल, तर प्रश्न स्वभावाचा नसून मानेचा असण्याची शक्यता बरीच आहे.

घोडा दुखणं लपवतो. कळपात राहणाऱ्या, पळूनच जीव वाचवणाऱ्या प्राण्याला ते भागच असतं. त्यामुळे दुखणं वागण्यातून ओळखावं लागतं. ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह यासाठी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या २४ वर्तनांची यादी तयार केली. ती २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. कान पाच सेकंद किंवा त्याहून जास्त काळ मागे पडलेले राहणं, तोंड पुन्हापुन्हा उघडणं, शेपटी एकाच बाजूला धरणं, सारखं ठेचकाळणं, पुढे जायला नाखूष असणं अशा साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी तीत आहेत. यांतली आठ किंवा अधिक वर्तनं दिसली तर हाडं, सांधे, स्नायू यांत कुठेतरी दुखत असण्याचा संशय दाट होतो. आपण ज्याला नाठाळपणा म्हणतो त्यातला मोठा भाग या यादीत सापडतो, हे कुठल्याही स्वाराने जरा ओशाळून वाचावं असं आहे.

घोड्याच्या मानेत मणके सातच, आपल्याइतके. मानेच्या बहुतेक मणक्यांच्या जोडीमध्ये वरच्या अंगाला, डावी-उजवीकडे, दोन छोटे सांधे असतात. गुडघ्यासारखेच हेही कूर्चा आणि वंगण असलेले खरे सांधे, म्हणून गुडघ्यासारखेच झिजतात. सर्वांत जास्त झीज दिसते ती पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये, म्हणजे मान जिथे धडात शिरते त्या बुंध्याशी. वरून जाड स्नायू आणि खांद्याचं फावडं, त्यामुळे तिथली सूज हाताला लागत नाही. झिजलेला सांधा कडेने हाड वाढवतो आणि ते वाढीव हाड दोन दिशांना त्रास देऊ शकतं. बाहेरच्या बाजूला पुढच्या पायाकडे जाणाऱ्या नसांची मुळं आहेत. ती दाबली की घोडा पुढच्या पायाने लंगडतो आणि पायात मात्र काहीच सापडत नाही. आतल्या बाजूला मज्जारज्जू आहे. तो दाबला गेला तर चाल डळमळते, आणि ते बहुधा आधी मागच्या पायांत दिसतं.

पायांचे सांधे तुलनेने ओळखीचे. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट, आणि मागच्या पायाचा मागे टोकदार दिसणारा हॉक म्हणजे त्याची टाच. उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्यात आपल्याकडच्या रायडिंग स्कूलमध्ये रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच. महालक्ष्मीच्या मैदानावरची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते. यावरून त्यांची कारकीर्द किती कोवळ्या वयात ऐन भरात येते ते कळावं. घोडा जगतो पंचवीस वर्षांच्या आसपास. भरधाव धावण्याची झीज अंगावर घेऊन पुढची कित्येक वर्षं त्याला नवशिक्यांना पाठीवर बसवून रिंगणात गोल गोल फिरायचं असतं. आणि लहान वर्तुळात फिरताना सांध्याच्या दोन बाजूंवर सारखा भार पडत नाही.

दुखतं नेमकं कुठे, हे शोधायची पद्धत मोठी छान आहे. डॉक्टर आधी खुराजवळच्या नसा बधिर करतात आणि घोड्याला दुडक्या चालीने पळवून बघतात. लंगडणं थांबलं तर दोष खुरात. नाही थांबलं तर घोट्याजवळ सुई, पुन्हा दुडकी. मग आणखी वर. सगळा पाय बधिर झाला तरी घोडा लंगडतोच आहे, असं झालं की नजर मानेकडे जाते. एक्स-रे काढतात, पण तो जपून वाचावा लागतो. बुंध्याच्या सांध्यांत हाड वाढलेलं दिसणारे कितीतरी घोडे ठणठणीत असतात. चित्र, चाल आणि तपासणी तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तरच ते निदान.

सांध्यांची झीज भरून येत नाही. एकदा हे पचवलं की मग काय करायचं ते स्पष्ट होतं: उरलेली कूर्चा सांभाळायची आणि घोडा हलता ठेवायचा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. भार पडला की ती स्पंजासारखी दबते, भार गेला की वंगणातून पोषण शोषून घेते. चालणं थांबलं की तिची उपासमार सुरू होते. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना आपल्याकडे जे एकच उत्तर आहे ते इथे शब्दशः लागू पडतं: न फिरवल्यामुळे. सांधा गरम, सुजलेला असेल तेव्हा विश्रांती हवीच. एरवी दिवसाचे बावीस तास तबेल्यात आणि मग एकदम तासभर जोरदार काम, यासारखी वाईट दिनचर्या नाही. मोकळं कुरण मिळालं तर उत्तम. मुंबई-पुण्यात ते कुठून आणायचं? तिथे दिवसातून दोन-तीनदा हातात धरून चालवणं, हाच तोडगा. स्वार बसल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसती चाल, लांब लगामावर, मान घोड्याला हवी तशी सोडून. मान आखडून ‘देखणी’ धरायला लावायचा हट्ट अशा घोड्यापुरता तरी सोडावा.

पाठीवरच्या वजनाचाही हिशेब हवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापलीकडे नको, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना मज्जाव असल्याने घोडा हे रोजचं वाहन आहे, तिथला एखादा लहान चणीचा घोडा अडीचशे किलोचा धरला तर ही मर्यादा पन्नास किलोवर येते. पर्यटकांनी आपापला वजनकाटा आठवून बघावा.

तबेल्यात शिरून बघायची आणखी एक जागा म्हणजे पुढच्या घोट्यांची समोरची बाजू. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो हे खरं. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. सांधे दुखणारा घोडा आडवा व्हायला घाबरतो, कारण उठताना कळ येते. मग काही दिवसांनी उभ्यानेच गाढ झोप लागू पाहते, पुढचे पाय दुमडतात आणि तो दचकून सावरतो. घोट्यांच्या पुढच्या बाजूला खरचटून धरलेल्या खपल्या दिसल्या तर दोर घासला असेल म्हणून सोडून देऊ नये. भुशाचं जाड, मऊ अंथरूण आणि उठता-बसता येईल अशी ऐसपैस जागा, यानेही पुष्कळ फरक पडतो. मान दुखत असेल तर चारा दोन-तीन वेगवेगळ्या उंचीवर ठेवावा आणि घोडा कुठला निवडतो ते पाहावं. नालबंदाची पाच-सहा आठवड्यांची पाळी चुकवू नये. खुराचं टोक वाढलं की प्रत्येक पावलाला पाय उचलताना सांध्यांवर जादा ताण येतो.

औषधांत जुनं नाव फिनाइलब्युटाझोन, तबेल्यांच्या बोलीत ‘ब्यूट’. १९४९मध्ये ते माणसांच्या संधिवातासाठी आलं. रक्तावरच्या गंभीर दुष्परिणामांमुळे माणसांत मागे पडलं, घोड्यांत टिकलं. १९६८मध्ये अमेरिकेतली केंटकी डर्बी सगळ्यांच्या आधी पार करणाऱ्या डान्सर्स इमेजच्या लघवीत हेच सापडलं आणि त्याचं विजेतेपद गेलं. त्याचे घोटे दुखरे होते. वेदना दाबून धावणारा घोडा झिजलेला सांधा आणखी झिजवतो, म्हणून शर्यतींत त्यावर निर्बंध असतात. हे औषध जास्त दिवस दिलं तर आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून २००६मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवरही. मेलॉक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि घोड्यांनाही देतात.

ठरावीक सांधाच दुखत असेल तर थेट त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. मानेच्या सांध्यांत अल्ट्रासाउंडवर सुई बघत. आराम काही महिने मिळू शकतो. तो काळ स्नायू बळकट करायला वापरला नाही तर खर्च वायाच. ग्लुकोसामाइनच्या डब्यांबद्दल मी फारसा उत्साही नाही. त्यांचा पुरावा त्यांच्या किमतीच्या मानाने फारच किरकोळ आहे.

हॉकच्या खालच्या सांध्यांची तऱ्हाच निराळी. ते मुळात जेमतेम हलतात. झीज पुढे जात कधी कधी तिथली हाडं एकमेकांना जुळून जातात, सांधाच उरत नाही, आणि त्याबरोबर दुखणंही जातं. काही वेळा डॉक्टर मुद्दामच हा जोड घडवून आणतात.

मानेला ही सवलत नाही. तिथला मज्जारज्जू दबला आहे का हे ओळखायला घोडा चालत असताना शेपटी धरून हलकेच एका बाजूला ओढून बघतात. धडधाकट घोडा लगेच विरोध करतो. मज्जारज्जू दबलेला घोडा त्या बाजूला झोलपटतो. लहान वर्तुळात वळवला तर त्याचा बाहेरचा मागचा पाय फेकल्यासारखा लांब पडतो. असा घोडा स्वारासकट कोसळू शकतो, आणि पाचशे किलोंखाली सापडलेल्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको. त्याला हातात धरून चालवावं, कुरणात सोडावं, खरारा करावा, आणखी बरीच वर्षं सांभाळावं. पोरं पाठीवर बसवून तासाचे पैसे मात्र घेऊ नयेत.